यीस्ट नको, मळणं नको: तव्यावरचा चतकोर ब्रेड

चतकोर हा शब्द आपण भाकरीसाठी राखून ठेवलाय. जेवण होत आलेलं असतं, ‘अजून चतकोर तरी घे’ असा आग्रह होतो आणि नको नको म्हणत घेतलीही जाते. उत्तर आयर्लंडमध्ये ह्याच अर्थाचा शब्द ब्रेडसाठी आहे. तिथे त्याला फार्ल म्हणतात. स्कॉट्स बोलीतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ चौथा हिस्सा. पिठाची जाड गोल चकती थापायची, तिचे चार चतकोर करायचे आणि ते तव्यावर भाजायचे. यीस्ट लागत नाही, पीठ फुगायला ठेवावं लागत नाही, ओव्हनही लागत नाही. पीठ, मीठ, आंबट ताक आणि खायचा सोडा एवढ्यावर काम भागतं, म्हणून हा सोडा ब्रेड.

ज्याने आयुष्यात कधी ब्रेड केला नाही त्याने इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे. अख्खा गोल ब्रेड नंतर करता येतो, त्याची कृतीही पुढे दिली आहे. पण तवा आपल्या हातातला आहे. त्याची आच आपल्याला कळते आणि चुकलं तर ते डोळ्यांसमोर चुकतं. ओव्हनच्या काचेआड काय चाललंय हे कळायला चार-पाच ब्रेड वाया घालवावे लागतात.

फुगतो कशाने

यीस्ट म्हणजे जिवंत सूक्ष्म बुरशी. ती पिठातली साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. मळून मळून पिठात ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांचं, जे जाळं तयार होतं ते हा वायू धरून ठेवतं आणि पाव फुगतो. ह्या सगळ्याला वेळ लागतो, ऊब लागते आणि मनगटात जोर लागतो. सोड्याचा मामला वेगळा आहे. सोडा आणि आंबट ताक एकत्र आले की तोच वायू तिथल्या तिथे सुटायला लागतो. ढोकळ्याच्या पिठात सोडा अगदी शेवटी घालून आपण लगबगीने वाफवायला ठेवतो, ते ह्याचसाठी. एकदा सुटलेला वायू तुमची वाट पाहत थांबत नाही.

आयर्लंडमध्ये १८३० च्या दशकापासून खायचा सोडा मिळू लागला आणि हा ब्रेड घरोघरी रुजला. तिथला गहू मऊ, ग्लुटेनला कमी, त्यामुळे यीस्टच्या पावाला फारसा साथ न देणारा. लोणी काढल्यावर उरलेलं ताक मात्र घरचंच होतं. गरीब घरांत ओव्हन कुठला? जाड बिडाचं, तीन पायांचं भांडं चुलीवर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. विस्तव पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ढेपांचा. वर-खाली निखारे ठेवून रव्याचा केक भाजणारी आजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

जाता जाता एक. गोव्यात पोदेर, म्हणजे पाव करणारे, पूर्वी पावासाठी माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत, तेव्हा तो पाव यीस्टशिवायचाच म्हणायचा का, असा प्रश्न मला एकीने विचारला होता. नाही. सुरेत यीस्ट असतंच, फक्त ते पुडीतून आलेलं नसतं.

सामान

चार चतकोरांसाठी, किंवा एका लहान गोल ब्रेडसाठी:

मैदा १५० ग्रॅम
कणीक १०० ग्रॅम
खायचा सोडा अर्धा टीस्पून, सपाट
मीठ अर्धा टीस्पून
आंबट ताक २०० मिली, शिवाय दोन-तीन चमचे हाताशी

वजनकाटा नसेल तर २४० मिलीच्या मेजरिंग कपाने मैदा सव्वा कप आणि कणीक पाऊण कप घ्या. वाटीच्या हिशेबावर जाऊ नका. तुमची आमटीची वाटी आणि माझी आमटीची वाटी ह्यांची कधी गाठ पडलेली नाही.

‘मैदा कशाला, सगळी कणीकच घेते की’ हा पहिला आक्षेप असतो, म्हणून आधीच सांगते. चक्कीच्या दगडांत गहू दळला जातो तेव्हा त्यातल्या स्टार्चच्या कणांना बराच मार बसतो आणि असं पीठ पाणी जास्त पितं. पोळी मऊ राहते ती त्यामुळेच. पण त्याच गुणाने नुसत्या कणकेचा सोडा ब्रेड दडस आणि ओलसर होतो. पहिल्या दोन खेपांना मैदा घ्या. हात बसला की निम्मं निम्मं करा, मग हवं तर अडीचशे ग्रॅम कणीक घ्या आणि ताक तीस-चाळीस मिली वाढवा. कणीक चाळून उरलेला कोंडा टाकून देत असाल तर त्यातला एक मोठा चमचा ह्यात घाला. आयर्लंडच्या तपकिरी सोडा ब्रेडला जो रवाळपणा असतो तो ह्याने थोडाफार येतो.

परदेशात राहणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. सेल्फ रेझिंग पिठात फुगवण्याचं सामान आधीच घातलेलं असतं, ते इथे नको. आणि ब्रेडसाठी म्हणून विकतात ते ‘स्ट्राँग’ पीठही नको, त्यात ग्लुटेन जास्त असतं. साधं पीठ घ्या.

आता सोडा. खायचा सोडाच हवा. धुण्याचा सोडा वेगळा आणि तो पोटात जाता कामा नये, तेव्हा बिनलेबलच्या डब्यातला पांढरा पदार्थ अंदाजाने वापरू नका. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे तिचं माप वेगळं असतं. ती आपली इथे नको. डबा जुना असेल तर चमचाभर सोड्यावर लिंबू पिळा. झर्रकन फसफसला तर ठीक, नुसते चार बुडबुडे आले तर नवा आणा. चमचा सुरीने सपाट करून मोजा. जास्त सोडा घातला की जास्त फुगेल हा गैरसमज आहे. ताकातल्या आम्लाला जेवढा पुरतो तेवढाच कामाला येतो, बाकीचा साबणासारखा जिभेवर राहतो. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल त्यांनी सोड्यातही सोडियम असतं हे ध्यानात ठेवावं.

आणि ताक. ह्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. विरजणाचं दही घुसळून लोणी काढलेलं ताक हेच ह्या ब्रेडचं खरं ताक. गोडं ताक चालत नाही. सकाळचं असेल तर संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहू द्या, किंवा कालचं वापरा. चव घेतल्यावर एक डोळा मिटला पाहिजे. दाटपणा दुधापेक्षा जरा जास्त असावा. दही असेल तर निम्मं दही, निम्मं पाणी फेटून घ्या. मसाला ताकाची पिशवी नको, त्यात मीठ असतं. दोन्ही नसेल तर पेलाभर दुधात मोठा चमचाभर लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा. फुटल्यासारखं दिसेल, तसंच वापरा.

मळायचं नाही

ह्या कृतीत अवघड असं एकच आहे आणि ते पोळ्या येणाऱ्यांनाच जास्त अवघड जातं.

पहिल्यांदा मी हा ब्रेड करत होते तेव्हा आई शेजारीच उभी होती. मी पीठ कसंबसं गोळा केलं आणि ओट्यावर टाकलं. तिला राहवेना. ‘अगं, मळ की जरा नीट, हे काय भगराळं ठेवलंयस?’ आणि मी काही म्हणायच्या आत तिने परात ओढून घेतली. दोन मिनिटांत गुळगुळीत, तुकतुकीत गोळा तयार. पोळ्यांना सुरेख झाला असता. भाजल्यावर त्याची जी वस्तू झाली ती बाबांनी एक शब्द न बोलता चहात धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

मळलं की ग्लुटेन आवळतं. शिवाय मळण्यात जी दोन मिनिटं जातात तेवढ्यात सोड्याचा बराचसा वायू उडून गेलेला असतो. म्हणून पीठ ओलं करण्याच्या आधीच तवा गॅसवर चढवा. ओलं केल्यापासून तव्यावर टाकेपर्यंत पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

परातीत मैदा आणि मीठ घ्या. सोडा तळहातावर घेऊन बोटांनी चुरगाळा, एकही खडा राहता कामा नये. मग मैदा, कणीक, सोडा सगळं एकत्र दोनदा चाळा. चाळणीत उरलेला कोंडा परत आत टाका. मध्ये आळं करा, भातावर आमटी घेताना करतो तसं. त्यात जवळजवळ सगळं ताक एकदम ओता. थोडं थोडं घालत बसलात तर तेवढा जास्त वेळ हात फिरतो, म्हणजे मळणंच झालं.

आता उजव्या हाताची बोटं फाकवून कडक धरा आणि मधून बाहेर असा गोल हात फिरवा. मुठीने दाबू नका, तळव्याचा उपयोग नको. सात-आठ फेऱ्यांत कोरडं पीठ ओलं होतं. एका बाजूला कोरडं राहिलं तर राखलेल्या ताकातलं चमचाभर तिथेच शिंपडा. साधारण अर्ध्या मिनिटाचं काम आहे. थालिपिठाचं पीठ थापायला घेतो तेव्हा जसं असतं, मऊ, हाताला किंचित चिकटणारं, तसं झालं की थांबा. दिसायला ते खडबडीत, विस्कटलेलं दिसेल आणि हात शिवशिवतील. हात धुऊन टाका, म्हणजे मोह होणार नाही.

तव्यावर

ओट्यावर मैदा भुरभुरा आणि गोळा त्यावर ओता. वरूनही चिमूटभर मैदा टाका, एकदा उलटा आणि हलक्या हाताने थापा. जाडी दीड सेंटीमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. चकती वीतभराहून जरा लहान होते. सुरीला मैदा लावून चार चतकोर करा. सुरी वरून सरळ खाली दाबा, करवतीसारखी पुढे-मागे ओढू नका.

तवा जाड हवा. बिडाचा असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तेल-तूप लावायचं नाही. आच बरोबर आहे का ते बघायला तव्यावर चिमूटभर मैदा टाका. तो मिनिटभरात सावकाश बदामी व्हायला हवा. टाकल्या टाकल्या काळा पडला तर तवा पोळीच्या तापमानाला आहे आणि ते ह्या कामाला फार होतं. गॅस बारीक करा, तवा मिनिटभर बाजूला धरा, मैदा फडक्याने पुसून घ्या.

चतकोर तव्यावर मांडा, मध्ये थोडी फट ठेवून. ते फुगून एकमेकांना टेकतात. पहिल्या बाजूला सात-आठ मिनिटं, मंद आचेवर. तवा पातळ असेल तर वर एखादं झाकण अर्धवट ठेवा. कडा ओलसर पांढऱ्या होत्या त्या कोरड्या, निस्तेज दिसायला लागल्या की उलटायची वेळ झाली. खालचा रंग खारकेसारखा असावा, मध्ये मध्ये मैद्याची पांढरी भुरभुर. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच वेळ.

इथे बरेच जण उतरवतात आणि मग ‘आत कच्चा राहिला’ म्हणतात. चतकोर कापला त्या दोन बाजू अजून तव्याला लागलेल्याच नाहीत. त्यांना एकेक करून उभं करा, एकमेकांच्या आधाराने, आणि प्रत्येक कापलेली बाजू मिनिट-दीड मिनिट शेका. भाकरीची कड फिरवून भाजतो तोच प्रकार. आयर्लंडच्या बायका हे न चुकता करत, तिथे त्याला वेगळं क्रियापदच आहे.

उतरवल्यावर पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळा. ताटात उघडे ठेवलेत तर वरचा पापुद्रा कडक होतो. दहा मिनिटं थांबून मगच तोडा, आतली वाफ जिरायला तेवढा वेळ लागतो.

अख्खा गोल ब्रेड

पीठ तेच, माप तेच, हात तेवढाच हलका. फक्त थापायचं नाही. दोन्ही हातांनी कडा आत सारत पंधरा सेंटीमीटर रुंद, चार सेंटीमीटर उंच असा घुमट करायचा आणि मैदा भुरभुरलेल्या ट्रेवर ठेवायचा. मग सुरीने वर अधिकचं चिन्ह करा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, निम्म्या उंचीपर्यंत खोल. आत अडकलेल्या परीला बाहेर पडायला वाट हवी म्हणून हे करतात, असं आयर्लंडमध्ये गमतीने सांगतात. खरं काम असं की मधला जाड भाग उघडा पडतो आणि उष्णता तिथवर पोचते. घाबरत वरवर रेघ ओढलीत तर मध्ये कच्चाच राहील.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, २०० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवून ठेवा, वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू. ब्रेड मधल्या खणात, तीस ते पस्तीस मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला वर फार लाल दिसला तर फॉइलचा तुकडा टाका. झालाय का बघायला फडक्याने उचलून उलटा करा आणि बुडाला बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज यायला हवा, नारळ वाजवून घेतो तसा. भरीव, मुका आवाज आला तर उलटाच ठेवून पाच मिनिटं आणखी. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन असेल तर त्यावर होतो. नुसत्या मायक्रोवेव्हवर करू नका, जे निघेल ते बघवणार नाही.

ओव्हनच नाही त्यांच्यासाठी पातेलं. मोठं, जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं. तळाला बोटभर जाडे मीठ पसरा, त्यावर कुकरमधली जाळी, झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा. ब्रेड तूप लावलेल्या ताटलीत ठेवून आत सरकवा, आच मंदाच्या किंचित वर, आणि पंचेचाळीस मिनिटं झाकण उघडू नका. वरून रंग येत नाही, म्हणून शेवटची दहा मिनिटं ब्रेड उलटा करा. कुकरची शिट्टी आणि रबर काढून पुष्कळ जण ह्याच पद्धतीने करतात. मी करत नाही. कुकर पाणी घालून वापरायची वस्तू आहे, कोरडा तापवून त्याचं बूड खराब करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. नॉनस्टिक भांडं तर मुळीच नको, त्याचा थर रिकामं तापवण्यासाठी नसतो. मीठ गार झालं की बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच.

बिघडलं तर

दडस, जड झाला तर कारण बहुधा हातच असतो, क्वचित जुना सोडा. वरून करपला आणि आत चिकट राहिला तर आच मोठी होती. वास साबणासारखा आला तर ताक गोड होतं किंवा सोडा जास्त. कोरडा, भुगा होणारा झाला तर ताक कमी पडलं. नवशिक्यांना ओलसर पिठाची भीती वाटते आणि ते वरून पीठ घालत राहतात. चमचाभर ताक जास्त झालेलं परवडतं, कमी नको.

एक बिघाड मात्र मी कधी विसरणार नाही. एकदा हौसेने हळद, मिरची, कोथिंबीर घालून केला होता. कापला तर पिवळ्या ब्रेडवर ठिकठिकाणी लालभडक ठिपके, जणू कुणी आत कुंकू सांडलंय. क्षणभर वाटलं पिठात काहीतरी पडलं. मग आठवलं, पांढऱ्या शर्टावर पडलेला हळदीचा डाग साबण लावला की असाच लाल होतो. सोड्याचे खडे फुटले नव्हते आणि जिथे खडा तिथे लाल. तेव्हापासून सोडा तळहातावर चुरगाळल्याशिवाय मी पिठात टाकत नाही. तुमचा सोडा नीट मिसळतोय की नाही अशी शंका असेल तर एका खेपेला पाव चमचा हळद घालून बघा. हळद चुगली करते.

खायचा कशाशी

आधी अपेक्षा नीट करून घ्या. हा बेकरीच्या पावासारखा जाळीदार, दाबला की परत वर येणारा ब्रेड नव्हे. तो भुसभुशीत असतो, हाताने तोडून खायचा. मिसळीबरोबर देऊ नका, रश्शात त्याचा चुरा होतो आणि दोन्हींची मजा जाते. गरम चतकोर आडवा चिरून त्यात लोणी घातलं तर दुसरं काही लागत नाही. झुणक्याशी छान जातो, आमलेटशीही. आयर्लंडमध्ये सकाळच्या न्याहारीत तो अंड्याबरोबर तळूनही खातात.

आत काही घालायचं असेल तर ते कोरड्या पिठातच घाला. ओवा, जिरं, चिरून पुसून घेतलेली मेथी, ठेचलेला लसूण. गोड हवा तर एक मोठा चमचा साखर आणि मूठभर मनुका. ज्वारी किंवा नाचणीचं पीठ पन्नास ग्रॅमपर्यंत चालतं, त्यापुढे चतकोर उलटताना तुटतात.

हा ब्रेड त्याच दिवशी संपवायचा असतो. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो, तेव्हा पाण्याचा हबका मारून तव्यावर झाकून गरम करा किंवा तुपावर दोन्ही बाजूंनी परता. जास्तीचे चतकोर पूर्ण गार झाल्यावर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, महिनाभर चांगले राहतात. काढले की थेट मंद तव्यावर टाका, झाकण ठेवा, आणि कापलेल्या बाजू ह्या वेळीही उभ्या करून शेका.